आरी बाईंची, दोर माझा

ज्या फांदीला शिडी टेकवली, तीच फांदी मी कापली. वाक्य परत वाचू नका. पहिल्यांदा वाचून जे कळलं, तेच घडलं. वय माझं तेव्हा छप्पन्न. या वयात बाईमाणसाला वाटायला लागतं की आता आपल्याला सगळं येतं. सासू गेलेली, मुलं मोठी झालेली, आडवं बोलणारं कोणी उरलेलं नाही. सोळाव्या वर्षीचा माज कोणी तरी कानाखाली ठेवून उतरवतं. छप्पन्नाव्या वर्षी ते काम झाडाला करावं लागतं.

नातवंडं दर उन्हाळ्यात हा किस्सा सांगायला लावतात आणि मी दर उन्हाळ्यात शिडी हातभर उंच करते. पण खरं म्हणजे हा किस्सा माझा नाही, आमच्या बाईंचा आहे.

बाई म्हणजे माझ्या नणंद, यजमानांच्या थोरल्या बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. त्या आधी घराच्या बाई झाल्या, मग गल्लीच्या, आणि शेवटी मेहकराजवळच्या आमच्या सबंध गावाच्या. दिल्या होत्या गावातल्या गावात, दोन गल्ल्या सोडून. नवरा लवकर गेला. शेत मोठं, मुलगा एकच, आणि तोंड असं की बैलबाजारात व्यापारी त्यांना लांबून पाहूनच बैलाचं खरं वय सांगून मोकळे व्हायचे. अंगाने उंच, नऊवारीचा काष्टा घट्ट, आणि चालताना नजर कायम वर. खाली शेण असो की दगड, बाई झाडं बघत चालायच्या. वाटेत कोणी भेटलं तर रामराम राहिला बाजूला, आधी त्याच्या दारातल्या निंबाची चौकशी. ती वाळलेली फांदी अजून तशीच आहे का, आणि ती नेमकी कोणाच्या डोक्यावर पाडायचा विचार आहे, असं त्या भर चौकात विचारत. माणूस मान खाली घालून निघून जाई, आणि संध्याकाळी गुपचूप बोलवायला येई.

ही आरी त्यांच्या आयुष्यात आली साठी उलटल्यावर. मलकापूरला फवारणीचा पंप घ्यायला गेलो होतो, मी आणि त्या. दुकानात भिंतीला चेनची आरी टांगलेली होती, पेट्रोलवर चालणारी, नारिंगी रंगाची. बाई पंप विसरल्या. दुकानदार चांगला माणूस होता, पण त्या दिवशी त्याचे ग्रह फिरले होते. तो म्हणाला, मावशी, ते तुमचं काम नाही, घरच्या माणसाला पाठवा.

बाई म्हणाल्या, "मानूस मेला माहा. आरी दाखव."

त्याने दाखवली. उभ्या उभ्या हातात धरून दोरी ओढली, सुरू झाली नाही. परत ओढली, घाम आला. बाईंनी ती त्याच्या हातातून घेतली, जमिनीवर ठेवली, मागच्या मुठीत पाय रोवला आणि दोरी अशी ओढली, जशी हट्टी वासराची ओढतात. दुकानातली दोन गिऱ्हाइकं रस्त्यावर गेली. आम्ही पंप न घेता घरी आलो. बसमध्ये बाईंनी आरी मांडीवर घेतली होती आणि कंडक्टर तिच्याकडे बघत होता, हिचं अर्धं तिकीट फाडावं की पूर्ण, अशा नजरेने.

मुलाने घरी डोकं धरलं. आईला रागवायची सोय नव्हती, म्हणून तो पेट्रोलचा डबा लपवू लागला. मग बाईंनी आरी आमच्याकडे आणून ठेवली, धान्याच्या कोठीत, तुरीच्या पोत्यांमागे. दसऱ्याला विळे आणि कुऱ्हाडी मांडून पूजा करतो, त्यात आरीही आली. झेंडूची माळ घालून, दातांना हळद लावून. बाई रोज संध्याकाळी येऊन तिला कानशीने धार लावत बसत. एकेक दात, एका दिशेने, शेजारी चहा निवत. लेकीची वेणी घालतानाही बाईमाणूस इतकं निवांत बसत नाही.

बाईंनी पहिली फांदी आमच्याच विहिरीजवळच्या बाभळीची काढली. मी बघायला उभी होते. मला वाटलं होतं, धडाम आवाज होईल, माती उडेल. तसं काहीच झालं नाही. दोराने बांधलेली ती एवढी मोठी फांदी कापल्यावर हळू खाली आली आणि गाय बसावी तशी जमिनीवर बसली. त्या क्षणी मला ती आरी हवीशी झाली. दागिना हवासा होतो तशी नाही, त्याहून जास्त. चोपन्न वर्षांत पोळपाट-लाटणं, विळी, सुई, खुरपं, सगळं हातात आलं होतं, पण हात लावताच गर्जना करेल असं काही आलं नव्हतं. मी तिथल्या तिथे बाईंना म्हटलं, मला शिकवा.

बाईंनी माझ्या हातात दोर दिला.

वर्ष गेलं, दुसरं गेलं, दोर हातातच. मी विचारायची, त्या म्हणायच्या, बघू. लग्नाच्या मुलीला म्हणतात तसं. मी रुसून बघितलं, पुरणपोळी करून बघितली, त्यांच्या भावाकडून, म्हणजे आमच्या यजमानांकडून, शब्द टाकून बघितला. यजमान म्हणाले, तिच्याकडून मला कधी लहानपणी पतंगाची चक्री मिळाली नाही, तुला आरी कुठून मिळणार.

दोर धरायलासुद्धा अटी होत्या. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, हातातलं काढ. मी थांबले. सवाष्ण बाईने बांगड्या उतरवायच्या, तेही नणंदेने सांगितलं म्हणून! आमच्याकडे हे चालत नाही. काच पिचली तरी नवी भरेपर्यंत हाताला दोरा बांधतात. बाई म्हणाल्या, दोरात बांगडी अडकली तर हात जाईल, मग कशात भरशील? मी यजमानांकडे पाहिलं. ते ओसरीवर पेपर वाचत होते. पेपरामागूनच म्हणाले, "काढ, काढ. बांगड्यांवर माझं आयुष्य असतं, तर तू भांडी घासतेस तेवढ्यातच मी चार वेळा गेलो असतो." मग बांगड्या डब्यात, मंगळसूत्र पोलक्याच्या आत, पदर कमरेला खोचून गाठ, आणि डोक्यावर मुलाचं जुनं हेल्मेट. बाईंच्या डोक्यावर दुसरं. अशा आम्ही दोघी भर गावातून पायी चालत जायचो. कुत्री भुंकायचीसुद्धा नाहीत, नुसती वाट सोडायची.

झाडाला न सांगता बाई हात लावत नसत. जुनी माणसं झाडाला आदल्या दिवशी कुंकू लावून, सुपारी ठेवून सांगून येतात, उद्या येतो म्हणून. पक्ष्यापाखराने आपला मुक्काम हलवावा असा त्यातला भाव. बाई तेच करत, फक्त सांगून झाल्यावर उठत नसत. तास तास झाडाखाली बसून वर बघत. गावात कुजबुज होती की बाईंना झाडातलं काही तरी दिसतं. दिसायचंच. एकदा मोहोळ दिसलं, एकदा आतून पोखरलेलं खोड, एकदा घारीचं घरटं. घरटं असलेलं झाड ग्रामपंचायतीसमोरचं होतं आणि सभेसाठी मंडप घालायचा होता. बाईंनी निरोप धाडला की पिल्लं उडाली की येते, तोवर सभा उन्हात घ्या. सभा उन्हात झाली. फार लवकर आटोपली, म्हणून लोक खूश होते.

आणि वायरमन. विजेच्या तारेजवळची फांदी असली की बाई आधी त्याला बोलवून लाइट बंद करायला लावत. बंद केली असं तो म्हणाला तरी त्याला जाऊ देत नसत. बाज टाकून त्याला झाडासमोरच बसवत, पोहे देत, चहा देत, परत पोहे देत. तो बिचारा म्हणे, बाई, दुसऱ्या गावाला जायचं आहे, लाइट बंदच आहे. बाई म्हणत, "मले म्हाईत हाये बापा. पन तू जोपर्यंत माह्या डोयापुढं हायेस, तोपर्यंत कोनाच्या बापाची हिंमत नाही चालू कराची." तो इतके पोहे खायचा की पुढे पुढे बाईंचा फोन दिसला की घरी जेवत नसे.

कापण्याची रीत त्यांनी मला दोर धरल्या धरल्या तोंडपाठ करवली. फांदी बुंध्याशी एकदम कापायची नाही. थोडं पुढे सरकून आधी खालून एक चावा घ्यायचा, मग त्याच्याही जरा पुढे वरून कापायचं. वजन गेलं की राहिलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगवट्याला धक्का न लावता काढायचा. आधी खालून चावा घेतला नाही तर पडणारी फांदी बुंध्याची साल सोलून नेते. बाई म्हणत, वेगळी निघालेली जाऊ जाताना चूल फोडून जाते, तसं. आरी कधी खांद्याच्या वर न्यायची नाही. खाली उभं राहून किंवा कठडा असलेल्या माचणावरून जिथे हात पोचतो तेवढंच आपलं. त्याच्या वरचं दोर बांधून चढणाऱ्या गड्याचं, हातआरीने. आरीचं टोक कशाला टेकवायचं नाही, ती उलटी अंगावर येते. आणखी एक म्हणत, शिडी आणि आरी या जावाजावा, एका ठिकाणी आणायच्या नाहीत. मी हे सगळं नीट ध्यानात ठेवलं. हे शेवटचं मात्र कोठीत कुठे काय ठेवायचं त्याबद्दल आहे, असं स्वतःला पटवून घेतलं. माणसाला जे नको असतं त्याचा अर्थ सोयीने लागतो.

मग धाकट्या लेकीचं लग्न निघालं. मांडव आमच्याच अंगणात. अंगणातल्या निंबाची एक फांदी, मनगटापेक्षा चांगली जाड, नेमकी मांडवाच्या छताला आडवी येत होती. बाईंनी झाडाला सांगून ठेवलं होतं, पण त्या दिवशी त्यांना साखरखेर्ड्याला पत्रिका द्यायला जावं लागलं. जाताना म्हणाल्या, उद्या सकाळी माचण लावून काढू, तोवर कोणी हात लावायचा नाही. कोणी म्हणताना त्यांनी माझ्याकडेच पाहिलं होतं.

मांडववाल्याने लोखंडी पाइप आणि गाद्यांचा ढीग अंगणात टाकला आणि फांदीकडे बघून, हे असं असेल तर आम्ही उशिरा येऊ, असं तोंड वाकडं करून गेला. घरात कोणी नव्हतं, सगळी खरेदीला मेहकरला. मी ओसरीवर बसून त्या फांदीकडे बघत होते. मनात आलं, बाई संध्याकाळी येतील, फांदी नीट कापून, पानं काढून, भिंतीशी उभी ठेवलेली दिसेल. खुंट असा सुबक की त्यांना बोट ठेवायला जागा मिळणार नाही. मग कुठल्या तोंडाने म्हणतील, बघू? मला फांदी नको होती. मला त्यांचं ते तोंड बघायचं होतं.

आता माझी हुशारी बघा. बांगड्या काढल्या. मंगळसूत्र आत. पदर खोचला, हेल्मेट घातलं. आरी जमिनीवर ठेवून, मुठीत पाय रोवून सुरू करून बघितली, परत बंद केली. माचण एकटीला हलेना, म्हणून शिडी आणली. शिडी कुठे टेकवावी? बुंधा वाकडा होता, तिथे डुगडुगत होती. फांदी कशी सरळ, आडवी, जाड. तिच्यावर शिडी कशी छान बसली. मी आरी खालीच परत सुरू केली, ती घेऊन वर गेले, शिडीच्या पुढच्या बाजूला आधी खालून चावा घेतला, अगदी शिकवल्याप्रमाणे. मग वरून.

सबंध जन्मात मी कुठलंच काम इतकं बरोबर केलं नव्हतं. फांदीचा पुढचा, पानांनी जड झालेला भाग टच्चदिशी सुटून खाली गेला. साल सोलली नाही. मी मनात म्हटलं, वा. आणि इतकी वर्षं ते ओझं वाहून वाकलेली मागची फांदी, ओझं जाताच, लेकीसुना मार्गी लागलेल्या म्हातारीसारखी कंबर ताठ करून वर उठली. शिडीचं डोकं हवेत राहिलं. मी शिडीवर. क्षणभर आम्ही तिघी आपापल्या जागी होतो, आणि मग मी आणि शिडी निघालो.

गाद्यांच्या ढिगावर पडले म्हणून हे लिहिते आहे. डावं मनगट तेवढं पाइपावर आपटलं. आरी शेजारी पडून आपोआप बंद झाली होती. हात सुटला की थांबायचं, एवढी अक्कल बनवणाऱ्याने तिच्यात घालून दिली होती. माझ्यात घालायची राहून गेली होती. मी उताणी पडून त्या फांदीकडे बघत होते. ती अजून वर-खाली झुलत होती, हसल्यासारखी.

बाई संध्याकाळी आल्या, तोवर मी मनगटाला प्लास्टर घालून ओसरीवर बसले होते आणि घरातला प्रत्येक जण मला एकेकदा बोलून गेला होता. धाकटीचं म्हणणं होतं, लग्नाच्या सगळ्या फोटोंत हा पांढरा हात येणार. बाईंनी आधी झाड पाहिलं. फांदीचं कापलेलं तोंड खालून न्याहाळलं, शिडी पाहिली, मग आरी उचलून चेन फिरवून बघितली. सगळ्यात शेवटी मला पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत. बाई बोलल्या नाहीत, हे ऐकून शेजारच्या बायका भेटायला आल्या. त्यांना वाटलं, मला बराच मार लागला असणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माचण लावून राहिलेला खुंट काढला. दोर यजमानांनी धरला. मी ओसरीवरून बघत होते. कोठीत जाऊन पाहिलं तर आरीची जागा रिकामी. बाई ती आपल्या घरी घेऊन गेल्या होत्या, मुलाच्या पेट्रोल लपवण्याची पर्वा न करता. मी काय समजायचं ते समजले.

लग्नात मात्र बाईंनी माझं एकेक काम उचललं. मांडवाला जांभळाचे डहाळे बांधून घेतले, हळद लावली, पंगती उठवल्या, आणि व्याह्यांकडच्या बायकांनी हाताबद्दल विचारलं तेव्हा मी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं की विहीणबाई मोरीत घसरल्या. मला त्याचाच राग आला. झाडावरून पडण्यात काही तरी शान आहे, मोरीत काय आहे! पण तेवढं सोडून आरीबद्दल एक अक्षर नाही. महिनाभर रोज येत होत्या, चहा घेत होत्या, झाडांबद्दल बोलत होत्या, माझ्या हाताकडे बघत होत्या, आणि कोठीकडे पाठ करून बसत होत्या.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या गावातून वर बघत चालतात असं मला अजून वाटतं, आणि खाली आपण शेण-दगड नीट साफ ठेवावं असंही. पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं.

प्लास्टर निघालं त्या दिवशी मी स्वतःच त्यांच्याकडे गेले. म्हटलं, आपणच बोलून मोकळं व्हावं, म्हणजे त्यांना नाही म्हणायची पाळी येणार नाही. त्या ओट्यावर आरी घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, बाई, चुकलं माझं, आता ती आरी मला दाखवूही नका, दोर धरू दिला तरी पुष्कळ झालं. बाईंनी कानशी खाली ठेवली. उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने चोळत राहिल्या. आरी माझ्या मांडीवर सरकवली आणि आत मुलाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलल्या. बाईंचा तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"दिवाईपासून माही ही बोटं मेल्यावानी होऊन राह्यली, पकड सुटते, कोनाले सांगजो नको. आजपासून आरी तू धर, दोर मी बुंध्याले येढा देऊन धरतो. दोन वर्सं मी तुले दिली नाही, काऊन का तुले भेव नव्हतं वं. मलेही नाही, पन मी मतारी झाली, मले आता कोन शिकवते? तू पडली, तुले भेव आलं, बरं झालं. ज्या दिवशी हे भेव जाईन त्या दिवशी मले सांगजो, आरी वापस घेतो."